मंगळवारची नोंद

पहिली नोकरी फाटकावरची.
आत जाणाऱ्याला हेल्मेट द्यायचं,
बाहेर येणाऱ्याकडून मोजून घ्यायचं,
आणि प्रत्येक ट्रकचा नंबर, वेळ, माल
निळ्या वहीत उतरवायचा.
कुताइसीच्या वर, डोंगरात,
रस्त्यासाठी बोगदा खणत होते.
मी ताम्ता. वय बावीस. भूगोलाची पदवी,
तिचा उपयोग एवढाच
की वारा कुठून येणार ते कळायचं
आणि खुर्ची त्याच्याकडे पाठ करून ठेवता यायची.

आईला फोनवर सांगायचे, प्रकल्पात आहे.
प्रकल्पात म्हणजे काय, तिने विचारलं नाही.
मोजे पाठवले.

आठ महिन्यांनी बैठकीत बोलावलं,
टिपणं घ्यायला.
कंटेनरमधलं ऑफिस, एक विजेची शेगडी, अकरा पुरुष,
आणि गुराम, सगळ्यांचा साहेब,
जो रागावला की आवाज खाली आणायचा.
काँक्रीट एकोणीस दिवस मागे.
पुरवठादार म्हणाला, मिक्सर.
मिक्सरवाला म्हणाला, ड्रायव्हर.
ड्रायव्हरांचा माणूस म्हणाला, पाऊस.
पावसाच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं.
घोडं कुठं पेंड खातंय
कुणी सांगेना.

मी लिहीत होते. लिहिता लिहिता म्हणाले,
"मंगळवार."
अकरा माना वळल्या.
"मंगळवारी ट्रक चार तास उशिरा येतात.
बाकीच्या दिवशी नाही.
खालच्या गावात त्या दिवशी गुरांचा बाजार भरतो."

घोडं नव्हतंच.
गायी होत्या, थोड्या म्हशी,
आणि त्या खरोखरच पेंड खात होत्या,
भर रस्त्यात.

गुरामने निळी वही मागवली,
थुंकी न लावता, सावकाश, पानं उलटली.
बोलला काही नाही.
पुढच्या सोमवारी माझी खुर्ची
कोपऱ्यातून टेबलाशी आलेली होती.
पगार आणखी वर्षभर तोच.

इथून पुढे सोपं झालं असं लिहिलं
तर ती खोटी नोंद होईल.
रात्री वेळापत्रकं मांडायला शिकले,
आडव्या पट्ट्या, एकीच्या शेपटीला दुसरी बांधलेली.
परीक्षेत दोनदा नापास.
मग माझं स्वतःचं असं पहिलं काम:
पश्चिमेकडच्या तोंडाचं अस्तर, साठ मीटर.
अहवालात मी सगळे चौकोन हिरवे रंगवले
तेव्हा आत पाणी मुरत होतं.
म्हणीतलं नव्हे. गार, बोटाला लागणारं.
मुकादम जुम्बेरने दोनदा सांगितलं होतं.
मला वाटलं, शुक्रवारपर्यंत थांबेल.

शुक्रवारी नऊ मीटर फोडावं लागलं.
गुरामचा आवाज इतका खाली
की मला पुढे वाकावं लागलं:
"उशीर मी निभावतो, ताम्ता.
उशिरा कळलेलं नाही निभत."
जुम्बेरकडे माफी मागायला गेले.
तो डब्यावर बसला होता,
मक्याची भाकरी अर्धी मोडून हातावर ठेवली,
वर खारट चीजचा तुकडा.
"आधी खा," म्हणाला.
माफी तशीच राहिली.

आता बटुमी. बंदराचा नवा धक्का.
टेबलाच्या टोकाशी मी,
आणि माझाही आवाज खाली येतो,
कधीपासून, कुणी सांगितलं नाही.
परवा क्रेनची तारीख ठरत होती.
वीसला, नक्की, काळजीच नको,
सगळे एका सुरात.
कोपऱ्यात नव्या मुलाचं, बेकाचं, पेन थांबलं.
मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.
"सांग," म्हटलं.
त्याचे कान लाल.
"काही नाही... शाई संपली."

लोक हसले. मीही.
माझं पेन त्याच्याकडे सरकवलं.
बैठक उठली. सगळे गेले.
तो खुर्च्या सरळ करत रेंगाळला,
ज्या आधीच सरळ होत्या.
मीही गोळा केलेले कागद
पुन्हा एकदा
गोळा करायला घेतले.